सोयराक्कांची काळी छत्री

बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या सोयराक्कांना दोन गोष्टींचा मोह आवरत नाही. एक तान्हं बाळ आणि दुसरी वाफ. बाळ दिसलं की त्यांचे हात पुढे होतात आणि वाफ दिसली की नाक. हॉटेलात इडलीचं भांडं उघडलं की बाकीची गिऱ्हाइकं इडल्यांकडे बघतात, या बाई झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत बसतात. थेंब मधे का जमले, कडेला का ओघळले, विचारत राहतात. नवरा उमाजी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, हे सगळं चाळीस वर्षं सोसतोय. तो म्हणतो, "हिच्या गळ्यात मंगळसूत्र घालायच्या ऐवजी थर्मामीटर घालायला हवा होता."

घराणं इथलंच. महाराष्ट्रात तुमचं गाव कुठलं, असं कुणी विचारलं की अक्का सांगतात, "चामराजपेट." पूर्वज कधीतरी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडण जुंपलं की दोन्ही, असा कारभार. नाव सोयराबाई, पण सगळं बेंगळुरू त्यांना सोयराक्काच म्हणतं.

वाफेचं वेड लहानपणचं. शाळेत पाटी थुंकीनं पुसायची त्यांना किळस. मग त्या आईच्या इडलीच्या भांड्यावर पाटी धरायच्या. पाटी ओली व्हायची, पदरानं पुसली की स्वच्छ, आणि वाळल्यावर काळीभोर. नळाच्या पाण्यानं पुसली तर मात्र वाळताना पांढुरके डाग उरायचे. एकच पाणी, एकदा डाग ठेवतं आणि एकदा ठेवत नाही, असं का? आईला विचारलं तर आईनं पाठीत धपाटा घातला, कारण इडल्या कच्च्या राहिल्या होत्या. सातवीनंतर शाळा सुटली आणि प्रश्न तसाच राहिला.

लग्नानंतर सासूबाईंनी त्यांना आपली विद्या दिली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. या कामात वाफ पहिली आणि पाणी नंतर, असं अक्कांचं मत आहे. आधी न्हाणीघराचं दार लावून कढत पाणी बादलीत सोडायचं. आरसा धुरकट झाला, भिंतींना घाम फुटला की पाणी बेताचं करून कोपरानं बघायचं आणि मगच बाळाला आत घ्यायचं. अशा ओलसर उबेत कपडे काढले तरी बाळ दचकत नाही. बाळंतिणीचं डोकं जड असेल तर तिला वाफारा, पण पातेलं जमिनीवर पक्कं ठेवून. मांडीवर कधीही नाही. बाळाला मात्र वाफारा द्यायचा नाही, कुणीही सांगू दे. "बाळाच्या तोंडाशी कढत पातेलं नेणाऱ्याला मीच त्यात बसवीन," असं त्या बजावतात, आणि ते थट्टेत घ्यायची कुणाची हिंमत होत नाही.

न्हाणं झालं की शेवटी धुरी. करवंटीचा निखारा, त्यावर ओवा, वावडिंग आणि चिमूटभर सांब्राणी, म्हणजे ऊद. सासूबाईंचं पितळी धुपाटणं अक्कांनी अजून वापरात ठेवलंय. बाळ खोकलं की सासूबाई म्हणायच्या, खोकला आला म्हणजे धुरी लागू पडली, छाती मोकळी होतेय. अक्का तेच वाक्य गेली चाळीस वर्षं घराघरांत सांगत आल्या. त्यांची स्वतःची मुलगी रक्षिता मात्र धुपाटणं दिसलं की बापाच्या इस्त्रीच्या गाड्याकडे पळायची आणि ओल्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफेपाशी जाऊन बसायची. तिला लहानपणापासून दमा. आता ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, पर्समध्ये पंप ठेवते, आणि तिला सातवा महिना लागलाय.

तर या सोयराक्का गेल्या डिसेंबरात एचएसआर लेआउटमधल्या एका सोसायटीत केतकीकडे जायला लागल्या. केतकी आणि तिचा नवरा पुष्कर दोघं पुण्याचे, दोघंही संगणकातले. मुलगी वेदिका, महिनाभराची, डोक्यावर मूठभर जावळ आणि आवाज मात्र मंडईतल्या भाजीवालीचा. त्याच सोसायटीत आणखी तीन घरं अक्कांकडे होती, आणि चारही बाळांच्या आया एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर. म्हणजे एका घरात शिंकलं की चारी घरांत रुमाल निघणार.

जानेवारीत हवा कोरडी पडली. पुष्करच्या मोबाइलमध्ये हवेतली ओल मोजणारं काहीतरी होतं, त्यात आकडा खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी पाळण्याशेजारी एक मशीन येऊन बसलं. पांढरं, गोलमटोल, आणि त्याच्या डोक्यातून अखंड वाफ.

अक्का तेलाची वाटी हातात घेऊन जागीच थबकल्या. मग त्यांनी वाफेत हात घातला.

"अय्यो! ही तर गार आहे!"

"गारच असते, अक्का," पुष्कर खुशीत आला. "ह्युमिडिफायर म्हणतात याला. खोलीतली हवा ओली राहते, बाळाचं नाक सुकत नाही."

"खाली जाळ नाही, पाण्याला कढ नाही, आणि वाफ कुठून आली?"

"बेसिकली आत एक चकती आहे. ती इतकी जोरात थरथरते की पाण्याचे बारीक बारीक कण उडतात."

"म्हणजे पाणीच उडतंय की. मग ही वाफ आहे का फवारा?"

"सेम थिंग, अक्का," पुष्कर हसून म्हणाला आणि मीटिंगला पळाला.

अक्कांना ते पटलं नाही. पण चार पदव्या घेतलेल्या माणसाशी सकाळी साडेआठला वाद कोण घालणार? शिवाय मशीनवर त्यांचा जीवच जडला. रोज आल्या की आधी त्याच्यासमोर बसायच्या. त्यांची स्वतःची युक्ती साधी होती, कोरड्या दिवसांत ओला पंचा पिळून खिडकीपाशी दोरीवर टाकायचा. पंचा मुकाट्यानं वाळत राहतो. हे मशीन म्हणजे तमाशाच होता.

आठ-दहा दिवसांनी वेदिकाला खोकला लागला. ताप नाही, दूध व्यवस्थित, फक्त कोरडी ठसक. डॉक्टरांनी छाती तपासली, वजन पाहिलं, काळजीचं काही दिसत नाही म्हणाले. आणि जाता जाता विचारलं, घरात धूर वगैरे करता का?

दुसऱ्या दिवशी केतकीनं दार उघडलं, पण नेहमीसारखी "या, या" म्हणाली नाही. बिचारीला बोलायचं जिवावर आलं होतं.

"अक्का, आपण आठवडाभर थांबूया का? डॉक्टर धुराचं विचारत होते. आणि ती पावडरही. जरा जास्तच होतेय हो. बघा ना, टीव्हीवर, लॅपटॉपवर, सगळीकडे पांढरं. तेच वेदूच्या नाकात जात असणार."

"पावडर? मी पावडर लावते?" अक्कांचा आवाज चढला. "चाळीस वर्षांत एका बाळाला पावडर लावली नाही मी! माझा डबा बघ की ग. तेल आहे, मसुरीचं पीठ आहे, ते पण न्हाणीघराच्या बाहेर येत नाही."

"मग हे काय आहे?" केतकीनं बोट दाखवलं.

काळ्या टीव्हीवर खरंच पांढरा थर होता. अक्कांनी बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि केतकी नको नको म्हणत असताना ते सरळ जिभेला लावलं. वास काही नाही. चव खडूसारखी. ही चव ओळखीची होती, पण कुठली ते आठवेना.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "थांबते मी आठवडाभर." पिशवी उचलून निघाल्या.

लिफ्टमध्ये शिरल्यावर मात्र त्यांनी हिशेब मांडला. आठवडाभर थांबा, याचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. संध्याकाळपर्यंत बाकीच्या तिघींना कळणार, सोयराक्कांच्या हातानं बाळ खोकायला लागलं म्हणून. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव एका मेसेजात मातीत जाणार. आणि रक्षिताच्या सासूचा भाचा याच लेआउटमध्ये राहतो. सासूच्या कानावर गेलं, तर स्वतःच्या नातवंडाला न्हाऊ घालायला तरी कुणी हात लावू देईल का? डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच रागही आला. धुराचं एक वेळ समजलं. पण पावडर? पावडरचा आळ त्या सहन करणार नव्हत्या.

घरी आल्या तशा न्हाणीघरात शिरल्या. पाणी तापवायचा तांब्याचा हंडा रिकामा होता. त्याच्या तळाला क्षार धरलेला, पांढरा खडखडीत. अक्कांनी चमच्यानं खरवडून जिभेवर ठेवला.

तीच चव!

त्या तिथेच पाटावर बसल्या. हंड्यातलं पाणी उकळतं, वाफ वर जाते, आणि खडू तळाला राहतो. म्हणूनच वाफेनं पुसलेली पाटी काळीभोर वाळायची, आणि नळाच्या पाण्यानं पुसलेली डागाळायची. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर हंड्याच्या तळाशी पडलं होतं आणि त्या रोज वरून पाणी उपसत होत्या. "अय्यो, केवढी मी शहाणी!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

पण मग ते मशीन? तिथे तर कढच नाही. पाणी जसंच्या तसं उडतं, म्हणजे त्यातला खडूही उडणार. त्या फ्लॅटच्या नळाला बोअरचं आणि टँकरचं पाणी, चहाचं आधण ठेवलं तरी पातेल्याला पांढरी कड धरणारं. ते कण वाळले की उरणार काय?

उमाजीनं जेवायला हाक मारली तेव्हा अक्का आपली काळी छत्री साबणानं धूत होत्या.

"पाऊस कुठाय?" त्यानं विचारलं.

"पावसासाठी नाही. पुरावा आहे," अक्का म्हणाल्या. उमाजीनं पुढे काही विचारलं नाही, अनुभवी माणूस होता.

दुसऱ्या दिवशी त्या बोलावल्याशिवाय केतकीच्या दारात उभ्या राहिल्या. शनिवार होता, पुष्करही घरी. "बाळाला हात लावत नाही," त्यांनी आधीच सांगितलं. "फक्त एक पातेलं द्या, आणि ते मशीन अर्धा तास द्या."

त्यांनी छत्री उघडली. केतकीची आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती, ती तिथून ओरडली, घरात छत्री उघडू नका हो! अक्कांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मशीनमधलं पाणी कुठलं ते विचारलं. पुष्कर म्हणाला, नळाचं. पिण्याचं शुद्ध पाणी एक बादली काढायचं तर पाणी गाळायच्या मशिनातून दोन बादल्या वाया जातात, आणि मागच्या एका पाणीटंचाईच्या उन्हाळ्यानंतर त्यानं ते फक्त पिण्यासाठी ठेवायचं ठरवलं होतं. नाकात काय जायचंय, पाणीच तर आहे, असा त्याचा हिशेब. चांगल्या मनानं केलेली चूक होती ती, अक्कांनाही वाईट वाटलं.

त्याच नळाचं पाणी पातेल्यात उकळायला ठेवलं. छत्रीची एक बाजू पातेल्यावर उंच धरली, दुसरी बाजू मशीनवर. दोन्हीकडे कापड ओलं झालं. मग छत्री गॅलरीतल्या उन्हात ठेवून तिघंजण तिच्याभोवती पाटा-वरवंटा पूजायला बसल्यासारखे बसून राहिले. वेदिका केतकीच्या मांडीवर ठसकत होती.

दहा मिनिटांत छत्री वाळली. पातेल्याकडची बाजू काळीच्या काळी. मशीनकडच्या बाजूवर मात्र पांढरे ठिपके, असे दाट की बोट फिरवलं तर बोट पांढरं.

"चाट," अक्का पुष्करला म्हणाल्या.

पुष्करनं खरंच चाटलं. मग तो उठला, कपाटातून मशीनबरोबर आलेली पुस्तिका शोधून आणली आणि उभ्या उभ्या वाचू लागला. अकराव्या पानावर अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, क्षार नसलेलंच पाणी वापरावं, नाहीतर आसपास पांढरी भुकटी जमते. तो कानापर्यंत लाल झाला.

"अक्का, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, वाफ का फवारा. मी म्हटलं सेम थिंग."

"म्हणालास खरा," अक्का म्हणाल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवायची त्यांनी खटपटसुद्धा केली नाही.

केतकीनं त्यांचे दोन्ही हात धरले. "चुकलं हो माझं. मी आत्ताच ग्रुपवर लिहिते. आणि उद्यापासून या. तेल, न्हाणं, धुरी, सगळं पहिल्यासारखं."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. दुसरी कुणी असती तर चहा पिऊन, छत्री मिटून, जिंकून घरी गेली असती. पण सोयराक्कांचं डोकं असं मधेच थांबत नाही. डॉक्टरांनी मशीनचं विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं धुराचं. एकाची परीक्षा घेतली, आणि आपल्याला सोडलं, हे कुठलं न्यायाचं?

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. पिशवीतून धुपाटणं काढलं. गॅलरीतच निखारा फुलवला, ओवा-वावडिंग टाकलं, सांब्राणी टाकली. केतकीला बाळ घेऊन आत पाठवलं आणि काचेचं दार लावून घेतलं. मग कोरा पांढरा पंचा दोन हातांत ताणून धुरावर धरला. रोज बाळाला देतात तेवढाच वेळ.

पंचा उलटा केला. मधोमध पिवळट तपकिरी डाग पडला होता, कडेला काजळीची बारीक नक्षी. नख घासलं तर नखाला चिकट लागली. आपल्या स्वयंपाकघराचं छत धुरानं असंच पिवळं होतं, ते दरवर्षी चुना मारून आपण झाकतो, हे त्यांना आठवलं. चाळीस वर्षं हे वर बघत होतो, आणि एकदाही का म्हणून विचारलं नाही. इडलीच्या झाकणाला विचारलं, पाटीला विचारलं, परक्याच्या मशीनला विचारलं. या धुपाटण्याला तेवढं विचारलं नाही, कारण ते सासूबाईंचं होतं आणि आपलं होतं.

काचेच्या आतून केतकी बघत होती. अक्कांनी पंचा तिच्याकडे वळवून धरला. मग तांब्यातलं पाणी निखाऱ्यावर ओतलं. चर्र आवाज झाला आणि एक मोठा पांढरा लोट उठला, वर जाऊन विरला.

"धुरी बंद," दार उघडून त्या म्हणाल्या. "न्हाणं घालीन, तेल लावीन, न्हाणीघर उबदार करीन. हे नाही. बाकीच्या तिघींकडेही हाच पंचा घेऊन जाते, तू ग्रुपवर नको लिहूस. मला माझ्या तोंडानं सांगू दे."

त्या दिवशी बाकीच्या तिन्ही घरी त्या स्वतः गेल्या. एकीनं तोंड वाकडं केलं, इतके दिवस का दिलीत मग, म्हणून. अक्कांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. वेदिकाचा खोकला पुढच्या आठवड्यात गेला. मशीनमध्ये आता पिण्याचं पाणी घालतात, तेही दिवसातून थोडा वेळ, आणि दोरीवर ओला पंचा असतो. खोकला भुकटीनं होता का धुरानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दोन्ही गेलं ते बरं झालं, एवढंच म्हणाले.

पण त्या शनिवारी अजून एक गोष्ट व्हायची होती. दुपारी घरी परतताना, मार्केटला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर उभ्या राहून अक्कांनी रक्षिताला फोन लावला. आधी जेवलीस का, पाय सुजतात का, पंप जवळ आहे का, सगळं विचारून झालं. मग पुन्हा जेवलीस का, तेच विचारलं.

"काय ग अम्मा, काय झालं?"

"काही नाही. तुझ्या बाळाला मी धुरी देणार नाही. ठरवलंय."

"बरं," रक्षिता म्हणाली. तिच्या आवाजात कसला तरी सुस्कारा होता.

"तुला लहानपणी धुरी नकोच असायची. अण्णांच्या इस्त्रीच्या गाड्याकडे पळायचीस. मला वाटायचं खोड आहे. त्रास व्हायचा, तर तेव्हा कधी सांगितलं का नाहीस ग?"



"रोज सांगत होते की, अम्मा. तू म्हणायचीस, खोकला आला म्हणजे धुरी लागू पडली."

मार्केटची बस आली, थांबली आणि निघून गेली. अक्का तिथेच उभ्या होत्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातात काळी छत्री. जगातल्या सगळ्या वाफांना प्रश्न विचारणाऱ्या बाईनं एवढं एक उत्तर ऐकलं नव्हतं, आणि ते रोज तिच्या कानाशी खोकत होतं.

"चुकलं माझं, पोरी," त्या म्हणाल्या.  "आता सांग. पहिल्यापासून सांग. मी ऐकते."